टीव्हीच्या स्टोअरमध्ये नसलेलं ॲप टीव्हीवर कसं घालायचं? (अप्पांचा रेडिओ)

कृष्णाकाठची | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आठ दिवस माहेरी, तासगावला आलेय. अप्पांनी (वय ७८, निवृत्त मुख्याध्यापक) दिवाळीत ४३ इंची टीव्ही घेतला. दुकानदार म्हणाला, "सर, अँड्रॉइड आहे. फोनात चालतं ते सगळं ह्यात चालतं." अप्पांनी ते शब्दशः धरलं.

त्यांच्या फोनात आकाशवाणीची केंद्रं ऐकवणारं एक ॲप आहे. त्यावर रोज सकाळी सांगली केंद्र लागतं. पण फोनचा आवाज त्यांना पुरत नाही, आणि टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. म्हणून तेच ॲप टीव्हीवर हवंय. टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये शोधलं तर येतच नाही. दुकानदाराला फोन केला, तो म्हणतो पेनड्राइव्हने टाका. पेनड्राइव्ह लावला तर टीव्ही फोटो दाखवतो, गाणी दाखवतो, ॲपची फाइल मात्र दिसतच नाही.

बुधवारी मी परत बंगळुरूला. तोवर जमवायचंय. अप्पा दर तासाला विचारतात, "एवढा मोठा टीव्ही, आणि त्यात सांगली नाही?"

लिंबूटिंबू | शुक्रवार, रात्री ९:५२

फोनवरून टीव्हीवर कास्ट करा की. धागा संपला. हलके घ्या.

कृष्णाकाठची | शुक्रवार, रात्री १०:०५

केलं होतं. कास्ट चालू असताना पतसंस्थेच्या सेक्रेटरींचा व्हॉट्सॲप मेसेज आला, तो अख्ख्या सोप्याने वाचला. शेजारचे काकासुद्धा होते. तेव्हापासून फोन टीव्हीला जोडायचा नाही असा घरात ठराव झालाय.

स्लो_लोकल | शुक्रवार, रात्री १०:३१

आधी टीव्हीत कोणती सिस्टिम आहे ते बघा. दुकानदार 'अँड्रॉइड' म्हणाला ह्याला अर्थ नाही, आमच्याकडे स्मार्ट टीव्हीला सरसकट अँड्रॉइड म्हणतात. सॅमसंग असेल तर आत टायझन असणार, एलजी असेल तर वेबओएस. ह्या दोन्हींवर फोनचं ॲप कधीच चालणार नाही. फाइलचा प्रकारच वेगळा. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जाऊन 'अँड्रॉइड टीव्ही ओएस' असं काही लिहिलंय का पाहा.

कृष्णाकाठची | शुक्रवार, रात्री १०:४४

आहे. अँड्रॉइड टीव्ही, ११.

स्लो_लोकल | शुक्रवार, रात्री ११:१०

मग आशा आहे. आधी हे सांगतो की स्टोअरमध्ये का येत नाही. टीव्हीवरचं प्ले स्टोअर फक्त तीच ॲप्स दाखवतं ज्यांच्या कर्त्याने 'हे टीव्हीसाठी आहे' असं ॲपच्या आत लिहून ठेवलंय. त्यासाठी बोट न लावता, नुसत्या रिमोटच्या चार बाणांनी आणि ओकेने सगळं ॲप चालवता यावं लागतं. बहुतेक जण तो खटाटोप करत नाहीत. म्हणजे ॲपवर बंदी नाही, ते टीव्हीसाठी बेतलेलंच नाही. हे लक्षात ठेवा, पुढे त्रास इथूनच होणार आहे.

आता कृती. पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. टीव्हीसोबत आलेला मीडिया प्लेयर फोटो-गाणी-व्हिडिओ सोडून काही दाखवत नाही, त्यात पेनड्राइव्हचा दोष नाही. फोन आणि टीव्ही दोन्हींवर 'सेंड फाइल्स टू टीव्ही' नावाचं ॲप घ्या, ते दोन्हींच्या स्टोअरमध्ये आहे. टीव्हीवर एक फाइल मॅनेजरही घ्या, मी एक्स-प्लोर वापरतो. फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर पाहिजेत. फोनातून एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल पाठवा, टीव्हीवर फाइल मॅनेजरमधून उघडा. टीव्ही अडवेल. मग सेटिंग्ज, ॲप्स, सिक्युरिटी अँड रिस्ट्रिक्शन्स, अननोन सोर्सेस इथे जाऊन त्या एकाच फाइल मॅनेजरला परवानगी द्या. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ही परवानगी ॲपनिहाय असते. काम झालं की काढून घ्या.

मिरजमळा | शनिवार, सकाळी ७:१५

आम्ही हेच शेअरइटने करायचो राव. एका मिनिटात फाइल पलीकडे.

जुनी_वायर | शनिवार, सकाळी ८:०२

शेअरइट, झेंडर, ईएस फाइल एक्स्प्लोरर ही तिन्ही २९ जून २०२० च्या ५९ ॲपांच्या बंदीत गेली. अजूनही यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघून लोक ईएस शोधतात आणि कुठल्यातरी भलत्या साइटवरून उतरवतात. टीव्हीवर एक ॲप घालण्यासाठी आधी दुसरं संशयास्पद ॲप घालायचं, हे उलटंच झालं.

कृष्णाकाठचीताई, तुम्ही एपीके आणणार कुठून? खरा प्रश्न तो. 'अमुकतमुक एपीके फ्री डाउनलोड' असं शोधून पहिल्या दुव्यावर जाऊ नका.

कृष्णाकाठची | शनिवार, दुपारी १:२०

मी अप्पांच्या फोनातूनच काढली. फोनातल्या ॲपची एपीके बाहेर काढून देणारं एक साधन मिळालं. म्हटलं, ही प्ले स्टोअरमधूनच आलेली आहे, म्हणजे अस्सल. पाठवली, टीव्हीने परवानगी मागितली, दिली, पट्टी पुढे सरकली आणि... 'ॲप नॉट इन्स्टॉल्ड'. कारण काही सांगत नाही. तीनदा केलं. अप्पा शेजारी बसून प्रत्येक वेळी मोठ्याने वाचत होते, "नॉट इन्स्टॉल्ड."

जुनी_वायर | शनिवार, दुपारी २:३५

विचार बरोबर होता, पण मध्ये एक मेख आहे.

ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवं ॲप द्यायचं तर कर्ता एक गठ्ठा चढवतो आणि गुगल त्यातून प्रत्येक फोनाला लागतील तेवढेच तुकडे पाठवतं. एक मूळ तुकडा, एक प्रोसेसरचा, एक पडद्याच्या मापाचा, एक भाषेचा. शिंप्याने अप्पांच्या मापाने शिवलेला सदरा तो, टीव्हीच्या अंगावर चढणार नाही. तुम्ही काढलेली फाइल बहुधा नुसता मूळ तुकडा आहे. सगळे तुकडे काढले असते तरी अप्पांचा फोन ६४ बिटी, आणि टीव्ही बहुतेक ३२ बिटी.

ह्यावर लोकांचा विश्वास बसत नाही. टीव्हीतला प्रोसेसर ६४ बिटी असतो, खोक्यावर तसं छापलेलंही असतं. पण रॅम दीड-दोन जीबी असल्याने कंपन्या वरची सिस्टिम ३२ बिटीच ठेवतात. ६४ बिटी फाइल तिथे चढतच नाही, आणि टीव्ही कारण न सांगता नुसता नाही म्हणतो.

खात्री करायची असेल तर एडीबी (लॅपटॉपवरून अँड्रॉइडला आज्ञा देणारं साधन) वापरा. लॅपटॉप आहे का? अबाउटमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा ओके दाबा, 'तुम्ही डेव्हलपर झालात' असं येईल. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये डिबगिंग चालू करा. लॅपटॉपवर एडीबी कनेक्ट, पुढे टीव्हीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक), आणि पोर्ट ५५५५. टीव्हीवर परवानगीची चौकट येईल, ती रिमोटने मान्य करा. (आज्ञा अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या, मी इथे उच्चार लिहितोय.) मग एडीबी शेल, गेटप्रॉप, आणि सीपीयू एबीआय विचारा, म्हणजे टीव्ही कोणत्या प्रकारची फाइल घेतो ते कळेल. एडीबीने चढवायचा प्रयत्न केलात तर नापास होण्याचं कारणही छापून येतं, टीव्हीसारखं तोंड मिटून बसत नाही.

अनुस्वार | शनिवार, दुपारी ३:१०

अवांतर: ह्या सगळ्या प्रकाराला, म्हणजे साइडलोडिंगला, मराठी शब्द काय? मी 'पार्श्वभरण' सुचवतो.

लिंबूटिंबू | शनिवार, दुपारी ३:१४

पार्श्वभरण ऐकून डॉक्टरकडे जावंसं वाटलं.

मिरजमळा | शनिवार, दुपारी ३:४०

आमच्याकडं 'बाहेरनं टाकलं' म्हणतात. सगळ्यांना कळतं.

रविवारचा_सिनेमा | शनिवार, सायं ६:०५

एवढी उठाठेव कशाला? बाजारात अँड्रॉइड बॉक्स मिळतो, दोन-अडीच हजारांत. मी घेतलाय. एचडीएमआयला लावला की झालं, सगळं आधीच भरलेलं असतं. सगळी ओटीटी, नवे सिनेमे, क्रिकेट, एक रुपया वर्गणी नाही. रेडिओसुद्धा असेल त्यात.

जुनी_वायर | शनिवार, सायं ६:५०

सिनेमाशेठ, चोरीचं बाजूला ठेवू, तुमचं तुम्ही बघा. माझा प्रश्न वेगळा आहे. दोन हजारांच्या खोक्यात हजारोंची वर्गणी फुकट देणाऱ्याचं पोट कशावर भरतं?

बॅडबॉक्स २.० शोधून वाचा. अशा स्वस्त खोक्यांत कारखान्यातून निघतानाच किंवा पहिल्यांदा चालू करताना घुसखोर प्रोग्राम शिरलेला. जून २०२५ मध्ये एफबीआयने लोकांना सावध केलं, जुलैत गुगलने न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला, त्यात एक कोटीहून जास्त यंत्रं बाधित असल्याचं म्हटलंय. हा प्रोग्राम सिनेमा चालू असताना काही बिघडवत नाही. तो तुमच्या घरचं इंटरनेट भाड्याने देतो. कोणीतरी कुठेतरी फसवणूक करतो आणि बाहेरून ती तुमच्या घरच्या पत्त्यावरून झालेली दिसते.

ओळखायचं कसं? खोकं सांगतं की प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप्स पकडणारा गुगलचा पहारेकरी) बंद करा. किंवा गुगलचं स्टोअर नसतं, भलत्याच नावाचं असतं. किंवा कंपनीचं नाव खोक्यावर सोडून जगात कुठेच सापडत नाही. ह्यातलं काय काय तुमच्याकडे आहे?

रविवारचा_सिनेमा | शनिवार, सायं ७:३०

तिन्ही. पण दोन वर्षं झाली, काही झालं नाही.

जुनी_वायर | शनिवार, सायं ७:३४

तुम्हाला दिसेल असं काही होणारही नाही. निदान ते खोकं राउटरच्या गेस्ट वायफायवर टाका आणि बघून झालं की प्लग काढत जा. त्याच वायफायवर तुमची नेटबँकिंग चालते.

लेस्टरची_सून | शनिवार, रात्री ११:५५

माझाही प्रश्न इथेच विचारते. मी इंग्लंडमध्ये. मराठी मालिका दाखवणारं एक ॲप इथल्या स्टोअरमध्ये नाही. भारतातून दिराने एपीके पाठवली, टीव्हीच्या स्टिकवर व्यवस्थित चढली, लॉगिनही झालं. मालिकेवर ओके दाबलं की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही'. म्हणजे काही चुकलंय का?

स्लो_लोकल | रविवार, सकाळी ९:२०

काही चुकलं नाही. दोन वेगळी कुलपं आहेत. स्टोअरचं कुलूप तुम्ही ओलांडलंत. दुसरं कुलूप त्यांच्या सर्व्हरवर, तो तुमचा आयपी बघून देश ठरवतो. एपीके कुठूनही आणा, पत्ता लेस्टरचाच. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकलेले असतात, त्याला ॲप काय करणार. इंग्लंडसाठी त्यांची वेगळी वर्गणी आहे का ते बघा.

आणि स्टिक बदलायची असेल तर एक ध्यानात ठेवा. ॲमेझॉनने २०२५ च्या शेवटी वेगा ओएसवर चालणारी फायर टीव्ही स्टिक आणली. नाव तेच, रूप तेच, पण आत अँड्रॉइड नाही. तिच्यावर एपीके चढत नाही. घेण्याआधी बारीक अक्षरं वाचा.

अनुस्वार | रविवार, सकाळी १०:१५

माझ्याकडे सॅमसंग आहे. म्हणजे मी ह्या पंगतीत नाहीच?

स्लो_लोकल | रविवार, सकाळी १०:४८

वेगळ्या पंगतीत आहात. सॅमसंगला ॲप्सच्या पानावर जाऊन १-२-३-४-५ दाबलं की डेव्हलपर मोडची चौकट उघडते, तिथे लॅपटॉपचा आयपी द्यायचा, मग टायझन स्टुडिओ, प्रमाणपत्र, आणि मग ॲप. तेही टायझनसाठी बनवलेलंच पाहिजे. जेलीफिन (घरच्या कॉम्प्युटरवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं ॲप) टायझनवर घालण्यासाठी मी एक अख्खा रविवार घालवलाय, बायको अजून काढते. एलजीत स्टोअरमध्येच डेव्हलपर मोडचं ॲप मिळतं, पण त्याला मुदत असते. आधी ५० तास होती, नंतर १००० केली. मुदत वाढवायला विसरलात की घातलेलं ॲप गायब. रोजच्या वापराला मी दोन्ही सुचवणार नाही. सरळ एखादी गुगल टीव्हीवाली चांगल्या कंपनीची स्टिक लावा.

कृष्णाकाठची | रविवार, दुपारी ४:३०

जुनी_वायर, साष्टांग दंडवत. गेटप्रॉपचं उत्तर आलं: आर्मईएबीआय-व्ही७ए. म्हणजे ३२ बिटीच. एपीकेमिररवर त्याच ॲपची त्या प्रकारची, एकसंध एपीके मिळाली. तिथे फाइलची डिजिटल सही मूळ कर्त्याच्या सहीशी जुळवून मगच ठेवतात असं वाचलं, म्हणून तिथून घेतली. एडीबीने चढवली. 'सक्सेस'!!!

आणि आता ॲप सापडत नाहीये. मुख्य पडद्यावर चिन्हच नाही. अप्पा म्हणाले, "झालं ना? मग लाव की." मी सगळ्या ओळी फिरून आले.

स्लो_लोकल | रविवार, दुपारी ४:४१

परवाच म्हटलं होतं, त्रास इथूनच होणार. कर्त्याने टीव्हीची खूण आत ठेवलेली नाही, त्यामुळे मुख्य पडदा त्याला ओळख देत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, सी ऑल ॲप्स, तिथे नाव सापडेल, ओपन दाबा. रोज एवढं फिरायचं नसेल तर 'साइडलोड लाँचर' नावाचं छोटं ॲप टीव्हीच्या स्टोअरमधून घ्या. अशी दडलेली ॲप्स त्यात ओळीने दिसतात.

कृष्णाकाठची | रविवार, सायं ५:२५

उघडलं! पण उभंच राहिलंय. फोन उभा धरतात तसा पडदा, टीव्हीच्या मधोमध अरुंद पट्टी, दोन्ही बाजूंना काळं. आणि केंद्रांची यादी येते, पण रिमोटचा बाण वरच्या शोधाच्या चौकटीतच अडकून बसतो. खाली उतरतच नाही. सांगली दिसतंय समोर, आणि पोचता येत नाही. हे म्हणजे मिरज स्टेशनात गाडी आउटरला उभी.

मिरजमळा | रविवार, सायं ५:३१

ते आम्हाला रोजचंच आहे. माउस लावा ताई. कॉम्प्युटरचा साधा माउस टीव्हीच्या यूएसबीला. बाण येतोय पडद्यावर.

कृष्णाकाठची | रविवार, सायं ६:०२

मिरजमळा, तुमच्या तोंडात साखर. भाच्याच्या लॅपटॉपचा बिनवायरचा माउस, त्याची बारकी चिप टीव्हीच्या मागे खोचली, बाण आला. अप्पांनी स्वतः सांगलीवर क्लिक केलं. आवाज ६० वर होता. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

रविवारचा_सिनेमा | रविवार, रात्री ८:१५

अभिनंदन. आता यूट्यूबच्या जाहिराती घालवणारं ते ॲपही टाकून द्या अप्पांना. मी गुगल टीव्हीवर वापरतो, भारी आहे.

जुनी_वायर | रविवार, रात्री ९:००

स्मार्टट्यूब (यूट्यूब बिनजाहिरातीचं दाखवणारं ॲप) म्हणत असाल तर नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट ऐका. ॲप चांगलं, कर्ता प्रामाणिक, कोड सगळ्यांना बघायला उघडा. पण त्याची डिजिटल सही करायची किल्लीच फुटली, म्हणजे भलत्यांच्या हाती लागली, आणि बाहेर पडलेल्या आवृत्त्यांत भलताच कोड निघाला. लोकांच्या टीव्हीवर प्ले प्रोटेक्टने ते ॲप आपणहून बंद केलं. जुनी किल्ली निकामी म्हणून नवी, आणि नवी सही जुन्या ॲपवर बसत नाही म्हणून सगळ्यांना नव्याने घालावं लागलं. ज्याला ही बातमी पोचली नाही त्याने काय केलं असेल? तासगावात ७८ वर्षांच्या माणसाला ही बातमी कोण सांगणार होतं?

यूट्यूबच्या नियमांचं मी बोलतच नाही. बाहेरून घातलेल्या ॲपची खबर ठेवणारं कोणीतरी घरात लागतं, एवढंच म्हणतोय. रेडिओच्या ॲपलाही हे लागू आहे, ताई. ते आपोआप अपडेट होईलच असं धरून चालू नका.

आणि जाण्याआधी डिबगिंग बंद करा. २०१८ मध्ये एडीबी-मायनर नावाचा किडा नेमका हे ५५५५ पोर्ट उघडं असलेल्या टीव्ही आणि बॉक्समध्ये शिरून दुसऱ्यांसाठी आभासी चलन खणत होता. टीव्ही गरम, मालक बेखबर.

लेस्टरची_सून | रविवार, रात्री ११:१०

आता गुगल हे सगळं बंदच करणार आहे असं वाचलं, खरं का?

स्लो_लोकल | सोमवार, सकाळी ८:४०

बंद नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलंय की गुगलची मान्यता असलेल्या यंत्रांवर, ॲप कुठूनही आणा, त्याच्या कर्त्याने गुगलकडे आपली ओळख पटवलेली हवी. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, आणि २०२७ पासून पुढे बाकीचे देश. बराच आरडाओरडा झाल्यावर जाणकारांसाठी जास्तीचे इशारे देणारा एक वेगळा रस्ता ठेवू म्हणाले, आणि एडीबीचा रस्ता उघडा राहणार आहे. माझं मत: फसवणूक थोडी घटेल, पण हौसेने, नाव न देता छोटी ॲप्स करणारे आधी दमतील.

गंमत अशी की आपल्याकडे उलट्या दिशेनेही काही झालंय. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने टीव्हीच्या प्रकरणात गुगलची तडजोड मान्य केली, २० कोटी २४ लाख रुपये. आता टीव्ही बनवणाऱ्यांना प्ले स्टोअर सुटं, पैसे मोजून, घेता येईल, सगळा गठ्ठा घेण्याची सक्ती नाही. उद्या दुकानदार खरंच वेगवेगळ्या स्टोअरचे टीव्ही विकेल तेव्हा 'अँड्रॉइड आहे, सगळं चालतं' हे वाक्य मात्र बदलणार नाही.

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री १०:२०

उद्या निघतेय, म्हणून शेवटचा वृत्तान्त. डिबगिंग बंद केलं, फाइल मॅनेजरची परवानगी काढली, साइडलोड लाँचर पहिल्या ओळीत आणून ठेवला. आवृत्तीचा आकडा माझ्या वहीत आहे, दर महिन्याला फोनवर बघेन.

माउस काचेच्या टीपॉयवर चालत नव्हता. अप्पांनी देवघरातला पोथीचा पाट आणला, त्यावर जुनं कॅलेंडर उलटं चिकटवलं आणि माउस त्यावर. चष्म्याच्या डबीतल्या चिठ्ठीवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात पायऱ्या लिहिल्यात. पाचवी पायरी अशी: "बाण सांगलीवर नेणे. एकदाच टिचकी. थांबणे."

आज सकाळी मी उठले तर रेडिओ चालू होता. पडदा काळा दिसत राहतो म्हणून आईने टीव्हीवर क्रोशाचा रुमाल टाकलाय.

मिरजमळा | मंगळवार, रात्री १०:३३

रुमालाचा फोटो टाका की.

जुनी_वायर | मंगळवार, रात्री १०:४७

टीव्हीमागची हवेची जाळी झाकली जाणार नाही एवढं आईंना सांगा.